चार अबाये आणि चार फूट अकरा इंच

खाला, म्हणजे मावशी, दुकानात आल्या त्या कापडी पिशवी घेऊनच. पिशवीतून एकामागून एक चार अबाये काढून त्यांनी माझ्या कटिंगच्या टेबलावर टाकले आणि म्हणाल्या, "बेटा, हे चारही माझेच. पण घालायला एकही नाही."

रत्नागिरीत माझं शिवणकामाचं छोटं दुकान आहे. दोन मशिनं, एक ओव्हरलॉक. ब्लाउज, पंजाबी सूट आणि अबाया (कपड्यांवरून घालायचा अंगभर सैल झगा) या तिन्हींवर माझं पोट. अबायाचं काम गेल्या काही वर्षांत वाढलं. कोकणातली माणसं तेलाच्या भरभराटीच्या काळात, १९७०च्या दशकात, कुवेत-सौदी-दुबईला जायला लागली आणि येताना बॅगांतून तिकडचे कपडे आणायला लागली. माझी दादी साडीवर चादर घ्यायची, आईने बुरखा घातला, आणि माझ्या वयाच्या बायका अबाया म्हणतात. शब्द बदलला तशी बेतणीही बदलली. आखातातला जुना अबाया डोक्यावरून सोडलेला असायचा, त्याला तिकडे 'रास' म्हणतात. आज आपण घालतो तो खांद्यावरून बसणारा, 'कत्फ'. कपडा खांद्यावर आला की खांद्याचं माप आलं, मुंढा (बाही जोडायची गोलाई) आला, बाही आली, म्हणजे चुकायच्या जागाही आल्या.

खालांचं प्रकरण मी मुद्दाम लिहून ठेवलं, कारण त्यात माझीही एक चूक आहे. नाव देत नाही. वय ५६, प्राथमिक शाळेत शिक्षिका, निवृत्तीला दोन वर्षं बाकी. उंची चार फूट अकरा इंच. अंग छातीला आणि पोटाला भरलेलं, पाय बारीक, खांदे उतरते, उजवा गुडघा दुखरा. पुढ्यात तीन कामं होती: डिसेंबरात मुलासोबत १५ दिवस उमरा (मक्केची यात्रा), जानेवारीत पुतण्याचा वलीमा (लग्नाची मेजवानी), आणि रोजची शाळा, म्हणजे कधी नवऱ्याच्या मोटारसायकलवर मागे आणि कधी एसटीने.

त्यांना वाटत होतं की आपल्याला 'शोभणारा' प्रकार एकदा सापडला की तिन्ही कामं त्यातच होतील. भाचीने घातला होता तसला बटरफ्लाय प्रकारचा अबाया त्यांच्या मनात बसला होता.

आधी ते चार अबाये. प्रत्येकात वेगळी गंमत होती.

पहिला मुलाने सौदीतल्या दम्मामहून पाठवलेला काळा बटरफ्लाय, नंबर ५४. त्यांच्या अंगावर तो जमिनीवर लोळत होता. बटरफ्लायमध्ये बाही वेगळी जोडलेली नसते. मनगटापासून खालच्या घेरापर्यंत एकच कापड असतं. त्यामुळे हात वर गेला की त्या बाजूचा घेरही वर जातो. खालांना मी म्हटलं, फळ्यावर लिहिता तसा हात करा. त्यांनी केला. डावी बाजू जमिनीवर, उजवी पोटरीवर. शिवाय कापड छातीच्या सर्वांत पुढच्या टोकावरून सरळ खाली पडतं, म्हणून पोट झाकलं जातं हे खरं, पण बाई तंबूएवढी दिसते. उंच, सडपातळ मुलीवर तेच कापड चालताना हवेत लहरतं. दोष कपड्याचाही नाही आणि अंगाचाही नाही. ते दोघं एकमेकांसाठी नव्हते, एवढंच.

दुसरा ऑनलाइन मागवलेला, जर्सीचा. जर्सी म्हणजे टी-शर्टसारखं विणलेलं, ताणणारं कापड. मऊ, इस्त्री नको, प्रवासाला छान. पण ते अंगाला चिकटतं आणि पोटाची प्रत्येक वळी मोजून दाखवतं. अबायाचा मूळ हेतूच तिथे हरला.

तिसरा मुंबईत महंमद अली रोडवरून घेतलेला क्रेपचा, ५६ नंबर, खालून चार इंच कापलेला. चौथा अंब्रेला. त्यात कमरेला जोड असतो आणि खाली मोठा घेर. खालांच्या अंगावर तो जोड पोटाच्या वर चढून बसला होता, छातीखाली दोरी बांधल्यासारखा.

तिसऱ्यावर जरा थांबते, कारण इथेच बहुतेक बायका फसतात. चार फूट अकराच्या बाईने ५६ का घ्यावा? अबायाचा नंबर म्हणजे खांद्यापासून खालपर्यंतची लांबी, इंचांत. ५०, ५२, ५४, ५६, ५८, असे दोन-दोनने चढतात. पाच फुटांच्या आसपास ५२, पाच-दोन पाच-तीनला ५४, पाच-चार पाच-पाचला ५६, असा साधारण हिशेब. पण तयार अबायात लांबीबरोबर रुंदीही वाढवलेली असते. म्हणजे बनवणाऱ्याने गृहीत धरलं की बुटकी बाई बारीकच असणार आणि जाड बाई उंचच. खालांना ५० नंबर लांबीला बरोबर, पण छातीला येत नाही. छातीला येतो तो ५६. मग दुकानदार म्हणतो, घ्या हो, खालून कापून देतो. कापल्यावर लांबी उतरते, पण खांदा तसाच मोठा राहतो, बाही बोटांवर येते, आणि तिरक्या कापाच्या अबायात सगळ्यात जास्त घेर जिथे होता तोच भाग कात्रीखाली गेलेला असतो. खालांचा तिसरा अबाया चालताना पायांत अडकायचा तो यामुळे. वर खालच्या काठाची नक्षीही गेली, तो हिशेब वेगळाच.

इंटरनेटवर शरीराचे प्रकार सांगणारे तक्ते असतात. सफरचंद, पेर, अजून काय काय. बाजारहाट केल्यासारखं वाटतं. खाला तसल्या तक्त्यात सफरचंद ठरल्या असत्या आणि तक्त्याने त्यांना सांगितलं असतं, सैल घाला. अबाया असतोच सैल. सैल कुठे आणि किती, हे तक्ता सांगत नाही. ते टेप सांगते, तीही माणूस हलत असताना धरली तर.

मी घेतलेली मापं अशी: खांदा साडेचौदा, छाती ४६, पोट ४८, सीट ४५, दंड १६, मनगट साडेसहा. लांबी मी पुढून आणि मागून वेगळी घेते. मानेजवळ खांद्याच्या शिवणीपासून, छाती-पोटावरून, घोट्यापर्यंत: पुढून ५२, मागून ५०. या दोन इंचांत सगळं आलं. तयार अबाया पुढे-मागे सारखाच कापलेला असतो. पोट पुढचं कापड उचलतं, म्हणून पुढून सलवार दिसते आणि मागून अबाया झाडू मारतो. मागून कमी केला की बाई म्हणते, आता ठीक. पण तिचा तोल चुकलेलाच असतो, कारण बाजूची शिवण पुढे ओढलेली राहते. उपाय म्हणजे पुढच्या भागाला वाढीव दोन इंच खालच्या काठाला जोडायचे आणि ते बाजूच्या शिवणीपर्यंत गोलाई देत संपवायचे. टेबलावर पसरलेला असताना असा अबाया वेडावाकडा दिसतो. घातल्यावर काठ जमिनीला समांतर.

मग पावलाचं माप. खालांना रोजच्यासारखं एक पाऊल टाकून थांबायला सांगितलं आणि दोन्ही घोट्यांभोवती टेप फिरवली: ५४. नंतर एक पाय स्टुलावर ठेवायला लावला, कारण एसटीची पहिली पायरी साधारण तेवढीच उंच. तिथे ६३. याहून कमी घेर असेल तर बसमध्ये चढताना अबाया हाताने उचलावा लागणार, आणि एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात दांडा असताना तो उचलायचा कसा?

आता उमऱ्याचा अबाया.

खालांचा पहिला प्रश्न: "काळाच लागेल ना गं?" नाही. एहरामात, म्हणजे यात्रेच्या पवित्र अवस्थेत, पुरुषांना न शिवलेले दोन कपडे असतात, बायकांना तसं काही नाही. त्यांचा नेहमीचा अंगभर कपडाच त्यांचा एहराम, रंग कोणताही. फक्त त्या अवस्थेत नकाब बांधायचा नाही, हातमोजे घालायचे नाहीत आणि सुगंध लावायचा नाही. या शेवटच्या गोष्टीत बायका नकळत चुकतात: निघायच्या आदल्या दिवशी अबाया वासाच्या फॅब्रिक कंडिशनरमधून काढतात. मी खालांना सांगितलं, बिनवासाच्या साबणात धुवा. सौदीच्या कायद्याचं म्हणाल तर मार्च २०१८ मध्ये युवराज महंमद बिन सलमान यांनी एका अमेरिकन वाहिनीला मुलाखतीत सांगितलं होतं की काळाच अबाया किंवा अबायाच हवा असं कायदा म्हणत नाही, कपडा शालीन असला म्हणजे झालं. २०१९ मध्ये पर्यटक व्हिसा सुरू झाला तेव्हा परदेशी बायकांना अबायाची सक्ती नसल्याचंही जाहीर झालं. तरी खालांनी काळाच घ्यायचं ठरवलं. सवय. मुलाची अट मात्र वेगळी होती, गर्दीत आई ओळखू यायला हवी. हजारो काळ्या पाठींत एक काळी पाठ शोधायची कशी? म्हणून अबाया काळा आणि ओढणी विटकरी.

कापड निदा. निदा म्हणजे पॉलिस्टरच, पण बारीक, पाण्यासारखं खाली पडणारं आणि सुरकुती न धरणारं. त्यात प्रतवाऱ्या बऱ्याच असतात. मी दोन परीक्षा करते: ट्यूबलाइटसमोर धरून आपली बोटं दिसतात का बघायचं, आणि मुठीत चुरगाळून सोडून द्यायचं. कॉटन का नाही, असं शहरी गिऱ्हाईक विचारतं. काळं कॉटन चार धुण्यांत राखाडी होतं, बसून उठलं की मागे चुण्यांचा नकाशा उमटतो, आणि रात्री धुतलेलं पहाटेपर्यंत वाळत नाही. घाम शोषायला आत सुती कुर्ता आहेच. त्याचा दुसरा फायदा म्हणजे कोरड्या, एसीच्या हवेत पॉलिस्टर विजेने पायांना चिकटतं, ते सुती कपडा आत असला की कमी होतं.

काळ्या रंगाचा उकाडा हा विषय निघतोच. १९८० साली 'नेचर'मध्ये एक अभ्यास आला होता, वाळवंटातले बेदुइन (भटके अरब) काळे झगे का घालतात यावर. त्यात दिसलं की काळं कापड पांढऱ्यापेक्षा जास्त तापतं, पण झगा सैल असेल तर ती जास्तीची उष्णता कातडीपर्यंत पोचायच्या आत निघून जाते; अंगाला बसणारी उष्णता दोन्हींत सारखीच. आता हे कोरड्या वाळवंटाचं. आमच्या रत्नागिरीच्या मे महिन्यात घामच वाळत नाही, तिथे काळा काय न् पांढरा काय. पण सैलपणाचं सूत्र दोन्हीकडे लागू.

प्रकार: पुढून बंद, जोड नसलेला, काखेपासून हळूहळू पसरत जाणारा ए-लाइन. पुढून उघडा अबाया गर्दीत आणि वाऱ्यात सांभाळायला एक हात लागतो, आणि तवाफात, म्हणजे काबाभोवती फेरे घालताना, हात मोकळे हवेत. लांबी घोट्यापर्यंत, त्याखाली नाही. तवाफाचे सात फेरे दाटीत होतात आणि मागच्याचा पाय आपल्या काठावर पडतो. त्यानंतर सई, म्हणजे सफा आणि मरवा या दोन टेकड्यांमधल्या सात खेपा, त्याच मिळून तीन किलोमीटरच्या आसपास भरतात. गुडघा न मानल्यास खाला तिथे व्हीलचेअर घेणार होत्या, म्हणजे चाक आलं. सरकते जिने तर आहेतच. लोळणारा काठ या सगळ्यांचा शत्रू. घोट्याखाली मोजे, आत अरुंद मोहरीची सलवार.

बाहीवर मी सर्वांत जास्त वेळ घालवला. वुजू करताना, म्हणजे नमाजाआधी हात-तोंड-पाय धुताना, बाही कोपरापर्यंत वर जायला हवी. नमाजात मनगट झाकलेलं राहायला हवं. रुंद बाही वर सहज जाते, पण हात उचलला की आपोआप कोपरापर्यंत घसरते. अरुंद बाही मनगटावर नीट बसते, पण १६ इंचांच्या दंडावर ती चढवायची म्हणजे कुस्तीच. इलॅस्टिक घातलं तर दिवसातून पाच वेळा ताणून ते महिन्यात सैल पडतं आणि ओलं राहिलं की कातडीला खाज. शेवटी मी बाही रुंद ठेवली, मनगटाशी पट्टी दिली आणि पट्टीला पाच इंचांची फट ठेवून दोन टिचबटणं लावली. उघडली की बाही कोपरावर, लावली की मनगटावर घट्ट. मुंढा नेहमीपेक्षा एक इंच खोल ठेवला, कारण मदिन्यात डिसेंबरच्या रात्री चांगल्या गार असतात आणि आत स्वेटर येणार. उतरत्या खांद्यांना आतून पातळ पॅड दिलं, नाहीतर गळा एका बाजूला सरकत राहतो.

खिसे दोन, बाजूच्या शिवणीत, आतून चेनचे. एकात औषधं, दुसऱ्यात मोबाइल. मोबाइल तिथे चैनीची वस्तू नाही. मदिन्यात रौज्यात (पैगंबरांच्या मशिदीतल्या पवित्र जागेत) जायची परवानगी सौदी सरकारच्या नुसुक अ‍ॅपवर निघते, प्रवेशाच्या वेळी तीच दाखवायची. पर्स लटकवून गर्दीत फिरण्यापेक्षा हे बरं.

आता माझी चूक. घेर मी ६४ ठेवला. पायरीचं माप ६३, म्हणजे एक इंच शिल्लक, आणि घेर बेताचा ठेवला तर बाई सडसडीत दिसते हा माझा शहाणपणा. कागदावर हिशेब चोख. ट्रायलला खाला उभ्या राहिल्या, चालल्या, स्टुलावर पाय ठेवला. काठ सरळ, खांदा जागेवर. मी खूश. मग त्या सहज माझ्या खुर्चीवर बसल्या आणि पुढचा काठ सरसर वर चढला. घोटा तर सोडाच, चार बोटं सलवार दिसायला लागली.

"खाला, नमाज जमिनीवर पढता ना?"

"कुठची गं जमीन? गुडघ्यामुळे वर्ष झालं, खुर्चीवरच."

मी हे विचारलंच नव्हतं. दंडापासून मनगटापर्यंत सगळी मापं घेतली आणि बाई नमाज कशी पढते हे विचारलं नाही. बसल्यावर मागचं कापड अंगाखाली दाबलं जातं, सीट आणि मांड्या पसरतात, आणि कापडाला आडवी जागा पुरली नाही की ते लांबीतून घेतं. म्हणून पुढचा काठ वर. खालून लांबी सोडणं हा सोपा उपाय दिसतो, मी दुमडीत तीन इंच ठेवलेही होते. पण मग उभं राहिल्यावर काठ पावलाखाली येणार, आणि त्याचसाठी तर आपण घोट्यावर थांबलो होतो.

बाजूच्या शिवणी कमरेखालपासून उसवल्या आणि दोन्हीकडे एकेक कळी (वर निमुळता, खाली रुंद तुकडा) घातली, खाली नऊ इंच रुंद. कापडाचा पन्हा ६० इंची होता, कापताना बाजूला उरलेल्या पट्टीतून कळ्या निघाल्या. घेर ८२ झाला. कळी गुडघ्यापासून दिली असती तर फक्त चालायला सोय झाली असती. ती सीटपासून सुरू व्हायला हवी, कारण तंगी तिथे होती. पुन्हा खुर्चीवर बसवलं. काठ दीड इंच वर आला, तेवढं मोज्यांवर निभावतं. आणि सडसडीत दिसण्याचं म्हणाल तर घेर वाढल्यावर खाला काही जाड दिसल्या नाहीत. उलट कापड पोटावर न अडकता खाली पडू लागलं. तेव्हापासून माझ्याकडे ट्रायलला येणाऱ्या प्रत्येक बाईला मी आधी खुर्ची देते.

रोजच्या अबायाचं फार सांगण्यासारखं नाही. तोच बेत, कापड जरा जड, लांबी आणखी दीड इंच कमी. पण मोटारसायकलचा मुद्दा सोडता येत नाही. खाला एका बाजूला पाय टाकून बसतात. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागचं चाक निदान अर्धं झाकणारं कवच असावं, असं केंद्रीय मोटार वाहन नियमांतच लिहिलेलं आहे, नियम १२३. आपण त्याला साडीगार्ड म्हणतो. खालांच्या मोटारसायकलवरचा साडीगार्ड धाकट्या मुलाने 'गाडी बरी दिसत नाही' म्हणून काढून माळ्यावर टाकला होता. मी म्हटलं, आधी तो बसवा, मग शिलाईचं बोलू. शिवाय डाव्या शिवणीत आतून गुडघ्याच्या उंचीवर एक बटण आणि काठाजवळ एक फास दिला. गाडीवर बसायच्या आधी फास बटणात अडकवला की त्या बाजूचं कापड गोळा होऊन वर राहतं. पाच मिनिटांचं काम, पण कोणत्याच तयार अबायात मला हे अजून दिसलेलं नाही.

वलीम्याच्या अबायावरून आमचं खरं भांडण झालं. त्यांना बटरफ्लाय हवा होता, चमचमणारा. मी आरशासमोर उभं करून पहिलाच अबाया पुन्हा घालायला लावला आणि हातात ताट दिलं. "आता यात रस्सा वाढा." बाही ताटात. त्या हसल्या, पण रुसल्याही.

मी सुचवला तो पुढून उघडा, कोटासारखा, आत त्याच रंगाचा बिनबाह्यांचा साधा झगा. रंग वांगी. कापड जड क्रेप, सॅटिन नाही. सॅटिनवर उजेड पडला की तो नेमका पोटाच्या फुगवट्यावर चमकतो. जरीकाम फक्त पुढच्या दोन उघड्या कडांवर, खांद्यापासून काठापर्यंत, दीड इंच रुंदीच्या दोन उभ्या पट्ट्या. बघणाऱ्याची नजर त्या पट्ट्यांमधून वरखाली फिरते, आडवी जात नाही. उंची वाढत नाही, पण चार फूट अकरा हे पहिलं लक्षात येत नाही. नक्षी पोटावर आडवी आली किंवा बाहीच्या मध्यावर पट्टा आला की तुकडे पडतात. बुटक्या अंगाला तुकडे परवडत नाहीत. उंच, रुंद खांद्यांच्या बाईला मी उलट सांगितलं असतं: पट्टा बाहीवर खाली घ्या, खांदा साधा ठेवा.

जरीकामाला वजन असतं हे कारागीर सांगत नाही. पुढच्या दोन्ही कडा जड झाल्या की अबाया पुढे ओढला जातो, गळ्याचा मागचा भाग मानेवर चढतो आणि बाई सगळा कार्यक्रमभर तो मागे खेचत बसते. त्यासाठी मानेच्या मागे आतून रुंद पट्टी दिली आणि खांद्याच्या शिवणीत दोन लपवलेली टिचबटणं, जी आतल्या झग्याच्या खांद्याला लागतात. वजन झगा उचलतो.

आता काय जमलं, काय फसलं.

उमऱ्याचा अबाया खालांनी १५ पैकी ११ दिवस घातला. रात्री धुवायचा, पहाटे घालायचा. बाहीची बटणं कामाला आली. सफा-मरवाच्या खेपांना शेवटी त्यांनी व्हीलचेअर घेतलीच आणि काठ चाकात गेला नाही. विटकरी ओढणीचा मात्र उपयोग शून्य, कारण त्यांच्या टूरवाल्याने सगळ्या बायकांना एकाच हिरव्या रंगाचे स्कार्फ दिले आणि मुलगा दोनदा भलत्याच बाईमागे चालत गेला. खिशाची चेन एकदा अडकली. पुढच्या वेळी दातेरी चेनऐवजी नायलॉनची लावेन.

वलीम्याला त्यांनी आतला झगा घातलाच नाही. "उकडतं गं." नुसत्या सलवार-कुर्त्यावर कोट चढवला. झगा नाही म्हणजे खांद्याची बटणं लटकत राहिली, आणि व्हायचं तेच झालं, दिवसभर मान खाजवल्यासारखा गळा मागे ओढत होत्या. फोटोत मात्र छान दिसतात. एवढी युक्ती करायची आणि ती दुसऱ्या कपड्यावर टांगून ठेवायची, ही माझी दुसरी चूक धरा. आता मी तो भार कोटाच्या आतल्या कमरबंदावर घेते. मागून आतल्या आत एक पट्टी, पुढे एक हूक. झगा असो वा नसो.

फेब्रुवारीत खाला पुन्हा आल्या. हातात तीच कापडी पिशवी. आत काळा बटरफ्लाय, काठावर चांदीसारखी नक्षी, मक्केत हरमजवळच्या (काबाच्या मशिदीजवळच्या) दुकानातून घेतलेला. नंबर ५६.

"काही बोलू नकोस," त्या म्हणाल्या. "शाळेत नाही घालणार, रस्सा नाही वाढणार. घरातून गाडीत आणि गाडीतून पाहुण्यांकडे, एवढ्यालाच. कमी करून दे."

मी काही बोलले नाही. खालून कापला असता तर नक्षी गेली असती. बटरफ्लायला कमरेत जोड नसतो, म्हणून मध्ये लपवायलाही जागा नाही. शेवटी खांद्यावरून उसवला, गळा चार इंच खाली नव्याने कापला आणि तेवढंच कापड वरून काढलं. मनगटाची फट त्यामुळे वर सरकली, ती खालून उघडून वरून बंद केली. तीन तास गेले. बसायला खुर्ची दिली, बसल्या, काठ जिथल्या तिथे. बटरफ्लायला घेराची काय कमी.

शिलाई विचारली तेव्हा मी नेहमीच्या दुरुस्तीच्या दुप्पट सांगितली. त्यांनी घासाघीस न करता दिली.